विलायतेत भाड्याचं घर : 'आपलाच माणूस आहे' म्हणून कागद सोडू नका

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटली होती, आम्ही वह्या तपासत बसलो होतो. एक पालक भिजलेली छत्री दाराशी ठेवून आत आले. त्यांचा मुलगा आमच्याच हाताखालून दहावी झालेला, पुढे इंजिनिअरिंग करून इंग्लंडला मास्टर्ससाठी निघालेला. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"सर, पोराने कागद धाडलाय. मामूंची सही पाहिजे म्हणतो. मामू विचारतात, करू का नको? आता आम्ही काय सांगणार?"

कागद चौदा पानांचा होता. चार मुलं मिळून एक घर भाड्याने घेणार होती आणि मालकाला प्रत्येकाचा एक 'गॅरंटर', म्हणजे जामीनदार हवा होता. तोही इंग्लंडमध्येच राहणारा, कमावता. मामू तिथे वीस-बावीस वर्षं आहेत, म्हणून त्यांचं नाव. आम्ही कागद दोनदा वाचला. नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं की भाडं थकलं तर जामीनदार संपूर्ण घराचं भाडं देणं लागतो. म्हणजे भाच्याचा एक चतुर्थांश वाटा नव्हे, चौघांचं सगळं. उरलेल्या तिघांना मामूंनी कधी पाहिलंही नव्हतं. आम्ही जे वाचलं ते सांगितलं. मामूंनी सही केली नाही, आणि त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली ती झालीच.

मग मुलाला दुसरी जागा मिळाली. ओळखीतून. मालक 'आपलाच माणूस', नमाजी, गावाकडच्या कुणाच्या तरी नात्यातला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर खोली, घरात एकूण सहा मुलं, भाडं रोख, कागद काहीच नाही. "अरे, आपल्यात कागद कशाला?" असं ते म्हणाले होते म्हणे. पुढच्या मे महिन्यात, परीक्षेच्या तोंडावर, त्याच माणसाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. रविवारपर्यंत खोली खाली कर, पाहुणे येणार आहेत. आणि डिपॉझिटचे ५०० पौंड? भिंत खराब केलीस, ते विसर.

आमच्या भागात घरोघरी कुणी ना कुणी बाहेर आहे. पण आखातात गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा कंपनीची खोली मिळते, कॅम्प मिळतो. भाड्याचा करार, डिपॉझिट, नोटीस या भानगडीशी त्याचा संबंध येत नाही. ब्रिटनला जाणाऱ्या मुलाला किंवा कुटुंबाला मात्र पहिल्या आठवड्यापासून हेच करावं लागतं, आणि घरातल्या मोठ्यांना त्यातलं काही माहीत नसतं. म्हणून हा लेख. आम्ही वकील नाही. त्या मुलाच्या प्रकरणानंतर जे वाचलं, तिथे राहणाऱ्यांना विचारून जे पक्कं करून घेतलं, ते इथे मांडतो आहोत.

आधी कुठलं ब्रिटन ते बघा

ब्रिटन एक देश दिसत असला तरी घरभाड्याचा कायदा एक नाही. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २०१७ पासून वेगळी पद्धत आहे. तिथे डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून नवा कायदा आहे आणि तिथे भाडेकरूला 'कॉन्ट्रॅक्ट होल्डर' म्हणतात. खाली जे सांगतो ते इंग्लंडचं. लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टर, मँचेस्टर, ब्लॅकबर्न ही सगळी इंग्लंडमध्ये येतात आणि आपले बहुतेक लोक तिथेच आहेत. ग्लासगो किंवा कार्डिफला जाणाऱ्याने मात्र हे आकडे तसेच धरून चालू नये.

पैशाचा हिशेब

पहिली गफलत आठवड्याची. तिथल्या जाहिरातीत पुष्कळदा भाडं आठवड्याचं लिहिलेलं असतं. १५० पौंड आठवडा म्हणजे महिन्याला ६०० असं आपण पटकन म्हणतो. पण वर्षाचे आठवडे ५२. १५० गुणिले ५२ भागिले १२ केलं की महिन्याला ६५० पौंड होतात. वर्षभरात ६०० पौंडांचा फरक पडतो. आमच्या सातवीच्या मुलांना हे गणित आम्ही आता फळ्यावर घालतो.

दुसरं डिपॉझिट. १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये त्याला मर्यादा आहे. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. वरच्या खोलीसाठी ते ७५० पौंड झालं. घर धरून ठेवण्यासाठी आधी काही रक्कम मागतात, तीही एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. एजंटची फी, कागद करण्याची फी, चौकशीची फी, असं काहीही भाडेकरूकडून घेता येत नाही. आपल्याकडे दलालाला एक महिन्याचं भाडं द्यायची सवय असल्यामुळे कुणी मागितलं तर आपली मुलं निमूट देऊन टाकतात. देऊ नये.

तिसरं आगाऊ भाडं. आतापर्यंत परदेशी विद्यार्थ्याकडे तिथला जामीनदार नसला की मालक सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं भाडं एकरकमी मागायचा. इथे बाप दागिने गहाण ठेवून ते पाठवायचा. २०२५ मध्ये इंग्लंडसाठी 'रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट' मंजूर झाला. त्यानुसार १ मे २०२६ पासूनच्या नव्या करारात मालक एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागू शकत नाही. हे चांगलंच झालं. पण त्याची दुसरी बाजूही बघा. आगाऊ पैसे घेता येत नाहीत म्हटल्यावर मालकांचा भर जामीनदारावर आणखी येणार, आणि मामू-चाचांकडे ते चौदा पानी कागद जास्त जाणार. जामीनदाराने दोन गोष्टी लिहून मागाव्यात. एक, जबाबदारी फक्त आपल्या मुलाच्या वाट्यापुरती. दोन, ती किती रकमेपर्यंत आणि किती काळ. चांगला मालक हे मान्य करतो.

विद्यापीठाची हॉस्टेलं आणि मान्यताप्राप्त नियमावलीखाली चालणाऱ्या मोठ्या खाजगी विद्यार्थी इमारती यातल्या बऱ्याच नव्या नियमांच्या बाहेर आहेत. तिथे त्यांचा स्वतःचा करार वाचायचा.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स लागत नाही, विद्यापीठाचा दाखला कौन्सिलला द्यावा लागतो. त्या घरात एक जरी नोकरी करणारा राहायला आला तर बिल सुरू होतं. 'माझा एक दोस्त चार महिने राहील' म्हणताना हे लक्षात राहत नाही.

डिपॉझिट ही अमानत आहे

आता मूळ मुद्दा. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून नियम आहे की मालकाने घेतलेलं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवायचं. अशा योजना तीन आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत ते योजनेत नोंदवायचे आणि कुठे ठेवले त्याची लेखी माहिती भाडेकरूला द्यायची. मालकाने हे केलं नाही तर भाडेकरू कोर्टात जाऊ शकतो. कोर्ट मूळ डिपॉझिट परत करायला लावतं, आणि वर डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड भाडेकरूला द्यायला लावतं.

अमानत हा शब्द आपल्या घरात रोज वापरला जातो. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली, ती मागेल तेव्हा जशीच्या तशी द्यायची. तिथल्या कायद्याने तेवढंच केलं आहे. मालकाचा शब्द पुरेसा न मानता वस्तू तिसऱ्याकडे नोंदवली.

घर सोडताना वाद झाला तर ही योजनाच फुकटात निवाडा करते. पुरावा द्यायची जबाबदारी मालकावर असते. रोजच्या वापराने गालिचा झिजला, भिंतीचा रंग फिका पडला, याचे पैसे कापता येत नाहीत. मोडतोड केली असेल तर कापता येतात, पण तिथेही जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी कोरी वस्तू मालकाने भाडेकरूच्या पैशाने घ्यायची नाही. म्हणून घरात शिरताना पहिल्या दिवशी, बॅग उघडण्याआधी, प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे. ओव्हनच्या आतले, गादीच्या खालचे, खिडकीच्या कडेची बुरशी, सगळे. वीज आणि गॅसच्या मीटरचेही. मालकाने 'इन्व्हेंटरी' म्हणजे सामानाची यादी दिली तर ती न वाचता सही करायची नाही. 'गादी उत्तम स्थितीत' असं लिहिलं आहे आणि गादीला डाग आहे, तर तिथेच हाताने लिहून फोटो जोडायचा.

आपला मुलगा इथेच अडकला होता. पण पूर्ण अडकला नव्हता. भाडं तो रोख देत असला तरी डिपॉझिटचे ५०० पौंड त्याने बँकेतून पाठवले होते, कारण त्या दिवशी त्याच्या खिशात रोख नव्हती. बँकेची ती एक ओळ आणि 'रूम डिपॉझिट मिळालं' असा मालकाचा मेसेज, एवढंच त्याच्या हातात होतं. तिन्ही योजनांच्या संकेतस्थळावर शोधून बघितलं, एकीतही त्याच्या नावाची नोंद नव्हती. विद्यापीठातल्या विद्यार्थी संघाच्या सल्ला केंद्राने त्याला एक पानी पत्र लिहून दिलं. त्यात कायद्याचं नाव, तारीख, रक्कम, आणि चौदा दिवसांत पैसे न आल्यास कोर्टात जाऊ एवढंच होतं. शिवी नाही, रडगाणं नाही. दहाव्या दिवशी ५०० पौंड परत आले.

पत्र पाठवायला मुलगा तीन आठवडे तयार नव्हता. "सर, ते आपलेच आहेत, गावात काय म्हणतील?" असं तो आम्हाला फोनवर म्हणत होता. दुसरी भीती व्हिसाची. तक्रार केली तर व्हिसावर काही होईल का? घरमालकाकडे स्वतःचे पैसे मागितल्याने विद्यार्थ्याच्या व्हिसाला काही होत नाही. पण ही भीती दाखवून कितीतरी मुलांना गप्प बसवलं जातं.

कागद नसला तरी हक्क असतो

खूप जणांना वाटतं की लेखी करार नाही म्हणजे आपण बेवारशी. तसं नाही. तुम्ही भाडं देता, मालक घेतो, खोली तुमच्या ताब्यात आहे आणि मालक दुसरीकडे राहतो, तर तोंडी करारही करारच आहे. डिपॉझिटचा नियम, दुरुस्तीचा नियम, बाहेर काढण्याचा नियम, सगळं लागू होतं. अडचण फक्त सिद्ध करण्याची. म्हणून भाडं बँकेतून द्या. रोखच द्यावं लागत असेल तर दर वेळी 'आज जूनचं भाडं ६५० पौंड दिलं' एवढा मेसेज पाठवा आणि त्याचं 'ओके' येऊ द्या. भाडं आठवड्याचं असेल तर मालकाने 'रेंट बुक' द्यायलाच हवं असा जुना नियमही आहे. नव्या कायद्याने तर नवीन भाडेकरूला मुख्य अटी लेखी देणं मालकाला बंधनकारक केलं आहे. देवघेव लिहून ठेवण्याबद्दल सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत काय सांगितलं आहे हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही. तरीही 'आपल्यात कागद कशाला' हे वाक्य आपल्याच लोकांकडून सर्वात जास्त ऐकू येतं, हे मात्र खरं.

एक मोठा अपवाद. मालक स्वतः त्याच घरात राहतो, किचन-बाथरूम तुमच्यासोबत वापरतो, तर तुम्ही भाडेकरू नाही, 'लॉजर' आहात. आपल्या भाषेत पेइंग गेस्ट. लॉजरचं डिपॉझिट योजनेत ठेवायचं बंधन मालकावर नाही, आणि वाजवी मुदतीची नोटीस दिली की कोर्टाशिवाय जायला सांगता येतं. नातेवाइकांच्या घरी पैसे देऊन राहणारी मुलं बहुतेक याच प्रकारात येतात. तिथे मग लेखी चार ओळी आणखीच गरजेच्या. पैसे किती, जेवण त्यात धरलंय का, नोटीस किती दिवसांची. चाचींशी वर्षभर अबोला धरण्यापेक्षा पहिल्या दिवशी विचारलेलं बरं.

'रविवारपर्यंत निघ' असं चालत नाही

भाडेकरूला मालक स्वतःच्या हाताने बाहेर काढू शकत नाही. कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं, वीज तोडणं, धमकावणं हा १९७७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी नोटीस, मग कोर्टाचा आदेश, मग कोर्टाचे माणूस, असाच रस्ता आहे.

पूर्वी मालकाकडे एक सोपं हत्यार होतं. १९८८ च्या हाउसिंग कायद्यातलं २१ वं कलम. काही कारण न देता दोन महिन्यांची नोटीस. कारण नाही म्हणजे भांडायचं तरी कशावर? गळकं छत दुरुस्त करा म्हटलं की महिन्याभरात नोटीस, असे प्रकार व्हायचे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये हे कलम बंद. आपल्याकडच्या ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्ससारखे ठरावीक मुदतीचे करारही बंद. आधीचे बहुतेक करारही त्या दिवसापासून आपोआप विनामुदत होतात. भाडेकरूला जायचं असेल तर त्याने दोन महिन्यांची नोटीस द्यायची. मालकाला जागा हवी असेल तर कायद्यात लिहिलेलं कारण द्यावं लागतं आणि सिद्ध करावं लागतं. घर विकायचं आहे, किंवा स्वतःला वा जवळच्या कुटुंबीयांना राहायचं आहे, ही कारणं पहिल्या बारा महिन्यांत चालत नाहीत. त्यानंतरही चार महिन्यांची नोटीस लागते, आणि ती देऊन जागा खाली करून घेतली तर वर्षभर ती पुन्हा भाड्याने देता येत नाही. तीन महिन्यांचं भाडं थकलं तर मात्र चार आठवड्यांच्या नोटिशीवर मालक कोर्टात जाऊ शकतो. विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या घरांसाठी वेगळं कारण ठेवलं आहे, म्हणजे नव्या शैक्षणिक वर्षाच्या मुलांना जागा देता यावी. त्यालाही चार महिने आधी सांगावं लागतं.

भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, दोन महिने आधी ठरलेल्या फॉर्मवर कळवून. जास्त वाटलं तर ट्रायब्युनलकडे जाता येतं, आणि ट्रायब्युनल मालकाने मागितल्यापेक्षा जास्त भाडं ठरवू शकत नाही. जाहिरातीत लिहिलेल्या भाड्यापेक्षा जास्तीची बोली लावून घेणंही आता बंद.

चार मित्र एकाच करारावर सही करत असतील तर एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळे मिळून आणि प्रत्येक जण एकटाही पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. शिवाय अशा विनामुदत करारात एकाने रीतसर नोटीस दिली तर सगळ्यांचाच करार संपतो. मित्र निवडताना दहावीचे मार्क बघायचे नसतात, पण हे बघायचं असतं.

नाव ऐकून फोन ठेवणं

मुंबई-पुण्यात घर शोधलेल्या आमच्या बहुतेक वाचकांना तो अनुभव आहे. घर पसंत, भाडं ठरलं, मग नाव विचारलं आणि "सोसायटीची परवानगी नाही". ब्रिटनमध्येही काळ्या आणि आशियाई लोकांना घर मिळणार नाही अशा पाट्या खिडकीत लागायच्या. १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने घरांच्या बाबतीत ते बेकायदा ठरवलं. आज २०१० च्या समानता कायद्याखाली वंश किंवा धर्म बघून घर नाकारता येत नाही. नव्या कायद्याने मुलं आहेत म्हणून किंवा सरकारी भत्ता मिळतो म्हणून नाकारणंही बंद केलं आहे.

पण इंग्लंडमध्ये आणखी एक नियम आहे, 'राइट टू रेंट'. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यातून तो आला आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून सगळ्या इंग्लंडला लागू झाला. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला देशात राहायची परवानगी आहे का, हे मालकाने तपासायचं. चुकला तर दंड. फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी एका भाडेकरूमागे १०,००० पौंडांपर्यंत, पुन्हा चुकला तर २०,००० पर्यंत. साहजिकच काही मालक भीतीपोटी परदेशी नावाच्या माणसाला टाळू लागले. हायकोर्टाने २०१९ मध्ये या नियमामुळे भेदभाव होतो असं म्हटलं. २०२० मध्ये अपील कोर्टाने नियम कायम ठेवला. तेव्हा तो आहे असं धरूनच चाला. आपल्या मुलांकडे ई-व्हिसा असतो. सरकारी संकेतस्थळावरून 'शेअर कोड' काढायचा, घरासाठीचा कोड आर या अक्षराने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. घर बघायला जाण्याआधीच तो काढून ठेवला, भाषेत घोळ नसलेला एक मेसेज तयार ठेवला, तर मालकाला टाळायला निमित्त उरत नाही. पासपोर्ट मात्र कुणाकडे 'ठेवायला' द्यायचा नाही. दाखवायचा आणि परत घ्यायचा.

आणि घर न बघता, फक्त फोटोवर, भारतातून पैसे पाठवू नका. फसवणूक करणारे दुसऱ्याच्याच घराचे फोटो टाकतात. तिथल्या लँड रजिस्ट्रीत थोडी फी भरून कुणीही घराचा मालक कोण ते बघू शकतो. आपल्या सातबाऱ्यासारखंच. तुमचं कुणीच तिथे नसेल तर पहिले दोन आठवडे विद्यापीठाची खोली घ्यावी आणि मग शोधावं. महाग पडतं, पण सगळे पैसे जाण्यापेक्षा स्वस्त.

ओल, बुरशी आणि गर्दी

रॉचडेल हे मँचेस्टरजवळचं गाव. तिथे सुदानहून आलेल्या एका कुटुंबाचा मुलगा, अवाब इशाक, डिसेंबर २०२० मध्ये वारला. नुकताच दोन वर्षांचा झाला होता. घराच्या भिंतींवर बुरशी होती, बाथरूममध्ये, किचनमध्ये. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला की बुरशीत सतत राहिल्यामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला. घर सांभाळणाऱ्या संस्थेने नंतर कबूल केलं की कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण चुकीचे अंदाज बांधले. म्हणजे दोष घराचा नाही, यांच्या आंघोळीचा, स्वयंपाकाचा असेल, असं धरून ते चालले होते.

त्या मुलाच्या नावाने आज कायदा आहे. २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांमध्ये, म्हणजे कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या घरांमध्ये, जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत काम करावं लागतं, आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी दहा कामकाजाच्या दिवसांत. खाजगी घरांनाही तो लागू करण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात आहे. तोपर्यंतही खाजगी मालकाची सुटका नाही. घर राहण्यालायक असलंच पाहिजे हा नियम २० मार्च २०१९ पासून आहे. छत, भिंती, पाणी, हीटिंग, गरम पाण्याची सोय दुरुस्त ठेवणं हे त्याचंच काम. तक्रार मात्र लेखी, फोटोसह करायची. ऐकलं नाही तर कौन्सिलच्या घर तपासणी विभागाला कळवायचं. आपण आपल्या बाजूने झाकण ठेवून शिजवावं, पंखा लावावा, कपडे बंद खोलीत वाळत घालू नयेत. थंडीत हे सगळं त्रासाचं वाटतं खरं. पण भिंतीतून पाणी झिरपत असेल तर ते तुमच्या बिर्याणीच्या वाफेने नाही.

गर्दीचं प्रकरण याहून गंभीर. मार्च २०२३ मध्ये पूर्व लंडनच्या शॅडवेल भागात एका दोन बेडरूमच्या फ्लॅटला आग लागली. आत डझनाहून जास्त माणसं राहत होती, बंक बेड टाकून. बांगलादेशातून नुकताच आलेला एक माणूस त्यात गेला. आग इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीची होती. इंग्लंडचा नियम असा आहे की वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात किचन-बाथरूम वाटून घेत असतील तर मालकाला कौन्सिलचं लायसन लागतं. काही भागांत तीन जणांनाही. अशा घरात एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीचं क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर हवं, दोघांसाठी १०.२२. लायसन नसताना घेतलेलं भाडं परत मिळवण्यासाठी भाडेकरू ट्रायब्युनलकडे जाऊ शकतो. आमच्या मुलाच्या त्या सहा जणांच्या घराला लायसन नव्हतं. त्याने त्याबद्दल तक्रार केली नाही. आम्हाला ते पटलं नाही. त्याच्या जागी सप्टेंबरमध्ये दुसरा कुणी राहायला आला असणारच.

मालक आपला असेल तर

वाचकांत असेही आहेत ज्यांच्या भावाचं, साल्याचं तिथे दुसरं घर आहे आणि ते भाड्याने दिलेलं आहे. त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅसची तपासणी दरवर्षी, विजेची पाच वर्षांतून एकदा, घराची ऊर्जा श्रेणी ई किंवा वर, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म, बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. घरात शिरण्याआधी २४ तास कळवायचं, चावी आपल्याकडे आहे म्हणून उघडून जायचं नाही. राहत्या घरातली खोली लॉजरला दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. मालक भारतात येऊन राहिला असेल तर एजंटने भाड्यातून २० टक्के कर कापायचा, जोपर्यंत तिथल्या कर खात्याकडून पूर्ण भाडं घ्यायची परवानगी आलेली नाही. भाडं आठवड्याला १०० पौंडांवर असेल आणि मध्ये एजंट नसेल तर हे काम भाडेकरूवर येतं. गावच्या मुलाला स्वस्तात खोली दिली, उपकार केला, असं वाटत असेल तरी यातलं एकही काम त्यामुळे माफ होत नाही.

अडचण आली तर शेल्टर आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्था फुकट सल्ला देतात. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचं सल्ला केंद्र सर्वात जवळचं.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे आणि दुसऱ्या घरात तिघांसोबत राहतो. या वेळी मालकाला जामीनदार हवाच होता. कागद आधी आमच्याकडे आला. आम्ही दोन ओळी सुचवल्या, फक्त त्याच्या वाट्यापुरतं आणि रकमेची मर्यादा. मालकाने त्या घातल्या, मामूंनी सही केली. डिपॉझिट योजनेत नोंदवल्याचा दाखला आला तो मुलाने अब्बांना पाठवला. त्यांनी बाजारात जाऊन त्याची प्रिंट काढून आणली आणि घराच्या सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवली आहे.